कुंदामावशींची बिनपाठीची खुर्ची

खुर्च्या करणं हा माझा धंदा. साकीनाक्याला माझा गाळा आहे आणि गेली चोवीस वर्षं मी ऑफिसच्या खुर्च्या करतोय. साहेबाची वेगळी, कारकुनाची वेगळी, आणि जो माणूस दहा मिनिटांत उठून जायला हवा असतो त्याची आणखी वेगळी. माणूस दारातून आत आला की त्याला किती इंची सीट लागेल ते मी सांगतो. तर अशा मला एका बाईने सात महिने नाचवलं, आणि तेही एका खुर्चीपायी. ती बाई म्हणजे आमच्या शेजारच्या कुंदामावशी सावंत.

मावशी आता पनवेलला मुलाकडे असतात. आमची घाटकोपरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही सगळे भाड्याची घरं शोधत चार दिशांना पांगलो. परवा एका गिऱ्हाइकाने गप्पांच्या ओघात विचारलं, "शेठ, आजवर सगळ्यात कठीण खुर्ची कुठली केली?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "एका म्हातारीची. पेटी वाजवायला." त्याला वाटलं मी मस्करी करतोय. मग तो गेला आणि माझं कामात लक्ष लागेना.

मावशी दिसायला एवढ्याशा. पाच फुटाला दोन इंच कमीच. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, तो डोळ्यांवर कमी आणि छातीवर जास्त. एकतीस वर्षं रेल्वेच्या तिकीट खिडकीवर काढलेली, त्यामुळे बोलणंही खिडकीतून बोलल्यासारखं. एक वाक्य, की पुढचा! कुणी लांबण लावली की म्हणायच्या, "सुट्टे दे रे, नोट नको." विषय संपवायचा असला की हात आडवा करायच्या, "खिडकी बंद!" मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी ती खिडकी उघडायची नाही. रागावल्या की मात्र थेट वेंगुर्ल्याला पोचायच्या. "गप रव मेल्या" हे मी पन्नाशी ओलांडल्यावरही जिन्यात चारचौघांसमोर ऐकून घेतलेलं आहे.

आमची ओळखच भांडणातून झाली. आम्ही नवीन राहायला आलो होतो. पहिलाच रविवार, सकाळचे सहा, आणि भिंतीपलीकडून पेटी सुरू. आठवडाभर वेल्डिंगचा आवाज कानात घेऊन आलेला माणूस मी, मला रविवारी झोप हवी असते. तणतणत गेलो. दार उघडंच होतं. मावशी जमिनीवर सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या, समोर पेटी, डावा हात भात्यावर.

"ओ मावशी, आज रविवार आहे," मी म्हटलं.

"माहित्ये. म्हणून सहाला. एरवी पाचला असते." वाजवणं थांबलं नाही. "चहा उकळलाय बघ. गाळून घे. मलापण आण."

आता सांगायला लाज वाटते, पण मी तो चहा गाळला. दोन कप भरून घेऊन आलो आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो, कारण त्या घरात बसायला दुसरं काही नव्हतंच. एक घडीची लोखंडी खुर्ची दारामागे टांगलेली असायची, ती डॉक्टर किंवा पोलीस आला तर. मावशी जेवायच्या जमिनीवर, भाजी निवडायच्या जमिनीवर, पेपर वाचायच्या तो जमिनीवर पसरून.

"काय करतोस रे तू?"

"खुर्च्या करतो."

"अरे देवा! म्हणजे लोकांना लोळवायचा धंदा." मग मला एकंदर खुर्चीबद्दल ऐकवलं. "एकतीस वर्षं त्या खिडकीतल्या उंच स्टुलावर बसले. स्टुलावर बसून माणूस एकच गोष्ट शिकतो, नाही म्हणायला. जमिनीवर बसलेला माणूस कुणाला नाही म्हणत नाही."

"का बरं?"

"उठायचा कंटाळा!" आणि खदखदून हसल्या. त्या दिवसापासून रविवारचा सहाचा चहा मी गाळायचा असं ठरूनच गेलं. माझी झोप गेली ती गेलीच.

मावशींचा सगळा जीव होता गुरुवारात. दर गुरुवारी दुपारी चारला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिला मंडळाचं भजन. हॉल म्हणजे दोन गाड्यांची जागा अडवून घातलेल्या भिंती, पण आम्ही त्याला हॉल म्हणायचो. पुढे चौरंगावर दत्ताची तसबीर, तिच्यासमोर सतरंज्या, आणि सतरंजीच्या अगदी पुढच्या टोकाला मावशी पेटी घेऊन. शेजारी ढोलकी, मागे झांजा. झांज वाजवणाऱ्यांत माझी बायको रेखाही. मंडळाच्या प्रमुख पाटणकरकाकू, दिसायला मावशींहून लहान आणि शिस्तीत मावशींहून चार पट मोठ्या.

आणि अगदी मागे, भिंतीला लागून, प्लास्टिकच्या सहा खुर्च्या. ज्यांना खाली बसवत नाही अशा बायका तिथे बसायच्या. आता हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण रीत पक्की होती. अभंग म्हणायचा तो सतरंजीवरच्यांनी, आळीपाळीने. खुर्चीवरच्यांनी फार तर टाळ्या वाजवायच्या. प्रसाद त्यांना आधी मिळायचा, अभंग कधीच नाही. एखादी बाई सतरंजीवरून उठून एकदा का खुर्चीत बसली की परत खाली आलेली मी तरी पाहिली नाही. मंडळात त्याला शब्दच होता, "भिंतीला लागली." "काय गं, सुमनबाई दिसत नाहीत?" "त्या भिंतीला लागल्या." हा शब्द काढला होता कुंदामावशींनीच. बोलायला तिखट बाई, सहज बोलून गेल्या असतील, पण मंडळाने तो उचलला.

आणि मग मावशींचे गुडघे गेले. दोन वर्षं तेल चोळून, पट्टे बांधून काढली, शेवटी दोन्ही गुडघे बदलावे लागले. ऑपरेशन छान झालं. डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, "आजी, आता मस्त चाला, जिने चढा. फक्त मांडी विसरायची. जन्मात परत मांडी नाही." मावशींना दोन गोष्टी लागल्या, एक 'आजी' आणि दुसरी मांडी.

"आणि पेटी?"

"खुर्चीत बसून वाजवायची की!" तो म्हणाला. त्याचं काय जातंय बोलायला.

दोन महिने मावशी शहाण्यासारख्या वागल्या. मग एका सकाळी रेखा मला म्हणाली, "अहो, मावशी एकच सूर काय धरून बसल्यात?" मी कान दिला. भिंतीपलीकडून नुसता सा. ना वर ना खाली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, सा काही हलेना. रेखा म्हणाली, "काहीतरी झालंय." आमच्याकडे त्यांची किल्ली होती. आत गेलो तर मावशी सतरंजीवर, एक पाय दुमडलेला, एक सरळ, चेहरा पांढराफटक. कोणी बघत नाही तोवर मांडी जमते का बघावी म्हणून खाली बसल्या होत्या, आणि आता उठता येईना. मोबाइल राहिला वर फळीवर. हाताशी काय तर पेटी. म्हणून भाता मारत एक पट्टी दाबून धरली होती.

"अहो मावशी, हाक मारायची ना!"

"हाक मारली तर सगळ्या मजल्याला कळेल. पेटी फक्त तुम्हाला ऐकू जाते."

मी वॉचमनला बोलावलं. दोघांनी काखेत हात घातले तर ओरडल्या, "मेल्यांनो, आधी पेटी बाजूला घ्या! पाय लागेल." पेटी उचलली, मग मावशींना उचललं, ऑपरेशननंतर आणलेल्या कॉटवर बसवलं. वॉचमन गेला. पाणी दिलं ते प्यायल्या नाहीत. आणि मग एकदम ओंजळीत तोंड धरून रडायला लागल्या. मी या बाईला नवरा गेला तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं.

"सुऱ्या, मी भिंतीला लागले रे."

मी म्हटलं, "मावशी, मी खुर्च्या करतो. माझ्या शेजारची बाई खुर्चीवाचून पेटी सोडणार? आपली इज्जत आहे की नाही मार्केटमध्ये?"

बोलायला सोपं होतं. इथून पुढे माझी वाट लागली.

आधी कॉटबरोबरच आणलेली प्लास्टिकची हातवाली खुर्ची घेतली आणि पेटी आमच्या टीपॉयवर ठेवली. पेटीचा भाता डाव्या हाताने मारायचा असतो, पुढे-मागे. दर वेळी मावशींचं कोपर खुर्चीच्या हाताला थाडकन आपटायचं. तालात आपटायचं हे खरं, पण कोपर सुजलं. मग आमची डायनिंगची खुर्ची नेली. तिला हात नव्हते, पण सीट मागे उतरती. मावशी तीत मागे घरंगळायच्या, पोट दाबलं जायचं आणि आवाज मध्येच तुटायचा. तिसरी मी माझ्या गाळ्यावरून आणली, चाकांची, फिरती, खास साहेब लोकांची. फार कौतुकाने आणली. मावशी बसल्या, सूर धरला, भाता जोरात ढकलला आणि भात्याबरोबर स्वतःच मागे निघाल्या. तोंडात आलाप चालू, आणि बाई चालल्या स्वयंपाकघराकडे! रेखाने धरलं म्हणून, नाहीतर फ्रिजवर आदळल्या असत्या.

"सुऱ्या, ही खुर्ची आहे की गाडी? सिग्नल कुठाय हिचा?"

मला राग आला. एवढ्या वर्षांचा अनुभव मग कशाला! मी टेप घेऊन गेलो, मावशींना ताठ बसवलं, मांडीची लांबी, पाठीची उंची, सगळी मापं घेतली आणि गाळ्यावर स्वतः उभं राहून खुर्ची केली. सागाची चौकट, भारीतला फोम, कमरेला आधार, पाठीला हवा तेवढाच कल. आजवर केलेल्या खुर्च्यांतली एक नंबर. मावशी बसल्या. चेहरा असा सुखावला की मी म्हटलं, जिंकलो. त्यांनी पेटी जवळ ओढली, दोन सूर छेडले, पाठ टेकली. आणि पाच मिनिटांत चक्क घोरायला लागल्या.

जाग आल्यावर म्हणाल्या, "एवढी झकास खुर्ची केलीस की पेटी वाजवायची शुद्धच राहत नाही. ही तूच ने घरी. मला नको."

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर मी सगळ्यांवर डाफरत होतो. इस्माईलभाई माझ्याकडे वीस वर्षं गाद्यांचं काम करतात. कमी बोलणारा माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, "सेठ, नाप कब लिया?"

"बैठाके लिया. सीधा बैठाके."

"बजाते बखत नहीं लिया?"

मी हातातल्या टेपकडे बघितलं. "दर्जी भी हाथ उठवाके देखता है सेठ," एवढंच बोलून ते कामाला लागले.

रविवारी मी त्यांना घेऊन घाटकोपरला आलो. इस्माईलभाई टेप गळ्यात टाकून जमिनीवर बसले आणि मावशींना म्हणाले, "आप बजाइये बाई. मेरे को भूल जाओ." मावशी कॉटच्या कडेवर बसून अर्धा तास वाजवत होत्या. मी चहा गाळला. इस्माईलभाईंनी टेप काढलीच नाही. मान तिरकी करून नुसते बघत राहिले, कधी पायांकडे, कधी खांद्याकडे. मग उठले आणि मला पॅसेजमध्ये घेऊन सांगितलं. या बाई पाठ टेकतच नाहीत, तेव्हा पाठ काढून टाका. भाता मारताना पुढे झुकतात, म्हणून सीट पुढे उतरती हवी. उजवी टाच सारखी ठेका धरते, ती लटकता कामा नये, पायाखाली फळी हवी. आणि सीट उंच घ्या, ऑफिसच्या खुर्चीहून चांगली तीन इंच, म्हणजे नव्या गुडघ्यांना दुमडावं लागणार नाही. पेटी ठेवायला तेवढाच उंच लाकडी घोडा करा, कोपराच्या रेषेत.

आठ दिवसांत ते तयार झालं. मावशींनी चष्मा चढवला आणि चारी बाजूंनी बघितलं.

"याची पाठ कुठाय?"

इस्माईलभाई म्हणाले, "आधा घंटा देखा बाई. आपने एक बार भी नहीं टेकी."

"अरे पण हा तर तिकीट खिडकीचा स्टूल! एकतीस वर्षं ज्याला शिव्या घातल्या तोच परत माझ्या बुडाखाली आणलात?"

"बसून तर बघा," मी म्हटलं.

बसल्या. पाय फळीवर टेकले. पेटीचा भाता उघडला. पहिला सूर लागला तो असा मोकळा, भरून, की रेखा हातातलं काम टाकून दारात आली. मावशी थांबल्याच नाहीत. एक भजन झालं, दुसरं झालं, पाऊण तास वाजवलं. शेवटी भाता मिटून इस्माईलभाईंकडे बघून नुसती मान डोलावली. त्या खिडकीतून एवढी मोठी पावती कुणाला मिळाल्याचं मला माहीत नाही. इस्माईलभाईही लाजले.

झालं, असं मला वाटलं. पण खरी मेख पुढेच होती.

गुरुवारी स्टूल आणि घोडा हॉलमध्ये नेला, मावशींच्या नेहमीच्या जागी, अगदी पुढे मांडला. मावशी बसल्या. पाटणकरकाकू फुलं वाहत होत्या, त्या वळल्या आणि बघतच राहिल्या. मग काकू हळूच म्हणाल्या, "कुंदा, अगं... देवाच्या वर?"

आता बघितलं तर खरंच. दत्ताचा चौरंग टीचभर उंच, आणि मावशींची बैठक त्याच्याहून चांगली हातभर वर. देवासमोर देवाहून उंच कोणी बसत नाही, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. मी सात महिने कोपर बघितलं, गुडघे बघितले, टाच बघितली, आणि देव बघायचाच राहिला! काकू काही दुष्ट बाई नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्या दिवशी पेटी वाजली नाही. टाळ्यांवर भजन उरकलं.

माझं डोकं फिरलं. मावशी खाली येऊ शकत नाहीत ना? मग देव वर जाईल! मी गाळ्यावर तीन दिवसांत तसबिरीसाठी छातीएवढा उंच लोखंडी स्टँड केला, सोनेरी रंग मारला आणि पुढच्या गुरुवारी दत्ताला वर चढवलं. सगळ्या खूश. मग पाटणकरकाकू हार घेऊन आल्या. टाचा उंचावल्या, हात ताणला, पोचेना. उडी मारायचं त्यांचं वय नव्हतं. शेवटी त्यांनी फुलं लांबून टाकली, ती जाऊन पडली ढोलकीवर. सतरंजीवरच्या बायका माना वर करून बसल्या, अर्ध्या तासात निम्म्यांच्या माना आखडल्या. आणि रेखाच्या शेजारची एक हळूच म्हणाली, "देवाला माळ्यावर टाकल्यासारखं वाटतंय गं."

मावशींनी ते ऐकलं. पेटी बंद केली. घरी येताना मला म्हणाल्या, "सुऱ्या, पुरे झालं. एका म्हातारीच्या बुडापायी देवाला हलवतोस? चौरंग परत ठेव. पेटी रेखा शिकेल."

"मावशी, आपण घोडा थोडा..."

"खिडकी बंद."

पुढचे दोन गुरुवार मावशी खाली उतरल्याच नाहीत. सकाळची पेटीही बंद. रविवारी मला सहाला जाग आली आणि पलीकडून काहीच नाही. इतकी वर्षं ज्या झोपेसाठी कुरकुर केली ती आता मिळत होती, आणि मी छताकडे बघत पडलो होतो. रेखाला म्हटलं, "मला हे घर आवडत नाही असं."

तिसऱ्या गुरुवारी रेखाने त्यांना जवळजवळ ओढतच खाली नेलं. पुढे नाही. मागे, भिंतीला, प्लास्टिकच्या खुर्चीत, विमलकाकूंच्या शेजारी. या विमलकाकू एकेकाळी मंडळात गौळणी म्हणायच्या. सहा वर्षं झाली भिंतीला लागून. ऐंशीच्या पुढच्या, हडकुळ्या, कायम हसऱ्या.

त्या संध्याकाळी मी गाळ्यावरून आलो तर मावशी आमच्याच घरी बसलेल्या. समोर चहा गार झालेला.

"सुऱ्या, ती विमल गाते रे."

"कोण?"

"विमल. मागे बसून. सगळे अभंग, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शब्द न शब्द. आपण म्हणतो त्याच्या खूप खाली, तोंडातल्या तोंडात. मी शेजारी बसले म्हणून ऐकू आलं." त्यांनी कप बाजूला सरकवला. "मी तिला विचारलं, मोठ्याने का नाही म्हणत? तर म्हणाली, तुमची पट्टी मला उंच पडते गं, आवाज फाटतो. मग कशाला तुमचं बिघडवू? सहा वर्षं, सुऱ्या! सहा वर्षं ती बाई माझ्या पाठीमागे गात होती आणि मी पुढे पेटी बडवत होते. वर त्यांना 'भिंतीला लागल्या' म्हणून हसणारी मीच. माझ्या जिभेला काही हाड?"

रेखाने चहा परत गरम करून आणला. मावशी तो घटाघट प्यायल्या, चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी तीनला ये. स्टूल उचलायचाय."

मी तीनला हजर. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात घोडा. हॉलमध्ये आलो आणि पुढे निघालो तर मावशींनी मागे बोट दाखवलं.

"तिथे. भिंतीला."

खुर्च्यांच्या रांगेत, बरोबर मधोमध, तीन खुर्च्या इकडे आणि तीन तिकडे सरकवून मी स्टूल लावला. पेटी घोड्यावर चढवली. दत्त आपल्या जुन्या चौरंगावर परत आलेला होता. पाटणकरकाकू आल्या, त्यांनी बघितलं आणि गोंधळल्या.

"अगं कुंदा, पेटी मागे? अशी पद्धत नाही आपली."

"भिंतीला खुर्च्या चालतात ना? इथे उंचीचं कुणी विचारत नाही."

"पण आम्ही देवाकडे तोंड करून बसणार. तू पाठीमागून वाजवलंस तर आम्हाला ऐकू कसं येणार?"

"येतं ऐकू," मावशी म्हणाल्या. "आपण ऐकत नाही."

काकू हार घालायला वळल्या. सतरंजीवर बायका बसल्या, देवाकडे तोंड करून, भिंतीकडे पाठ करून. मला खरं म्हणजे गाळ्यावर परत जायचं होतं, डिलिव्हरी होती. पण मी दाराशीच उभा राहिलो.

मावशींनी भाता उघडला आणि शेजारी बघितलं. "विमल, आज सुरुवात तू करायचीस."

विमलकाकू हसल्या. "वेडी का गं? माझा आवाज पोचतो का तिथवर?"

"तू कशाला पोचतेस? पेटी येईल खाली."

मंडळाची पट्टी काळी पाच, वर्षानुवर्षं तीच. मावशींनी ती दाबली, विमलकाकूंनी मान हलवली. काळी चार. परत मान हलली. मावशी एकेक पट्टी खाली उतरत होत्या आणि दर वेळी थांबून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. पुढच्या बायका मुकाट्याने बसलेल्या, ढोलकीवर हात ठेवून, झांजा मांडीवर. रेखाची पाठ मला दिसत होती, ताठ झालेली. काळी दोन. विमलकाकूंचे ओठ हलले, नाही जमलं, त्या ओशाळून म्हणाल्या, "राहू दे गं, उगाच वेळ..." मावशींनी ऐकलंच नाही. आणखी खाली आल्या. पांढरी एक.

आणि विमलकाकूंनी गौळण उचलली.

पहिली ओळ कापरी, अर्धी हवाच. दुसरी जरा भरली. तिसऱ्या ओळीला तो आवाज उभा राहिला, जाडसर, जुना, आणि असा गोड की मी दाराच्या चौकटीला हात लावून उभा होतो तो हात मला काढवेना. ढोलकी सावकाश मागून आली. धृपद आलं तेव्हा सतरंजीवरच्या सगळ्या बायकांनी ते एकदम उचललं, त्याच खालच्या सुरात, देवाकडे तोंड करून. कुणी वळून बघितलं नाही. पाटणकरकाकू मात्र पदराने डोळे टिपत होत्या, ते मला बाजूने दिसलं.

गौळण संपली. विमलकाकू आपल्याच हातांकडे बघत बसल्या होत्या. मावशी भाता मिटणार, तेवढ्यात रांगेतल्या अगदी शेवटच्या खुर्चीतून सुमनबाईंचा आवाज आला. त्यांना ऐकू येत नाही असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"कुंदा, मला याच्याही खाली लागेल गं."

मावशी स्टुलावरच त्यांच्याकडे वळल्या. "म्हण तू," त्या म्हणाल्या, "मी शोधते."